अक्कांची खानेसुमारी

अक्कांना कुणी मावशी म्हटलेलं चालायचं नाही. ऑफिसात चाळिशीच्या पुढची बाई दिसली की लोक तिला मावशी करून टाकतात, आणि एकदा मावशी झाली की चहाचे कप तिनंच उचलायचे हे आपोआप ठरतं. पहिल्याच दिवशी आमच्यातल्या एकानं मान वर न करता "मावशी, जरा पाणी" म्हटलं, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि शांतपणे विचारलं, "तुमच्या आईची मी बहीण व्हय? मला तर आठवत नाय." तो उठला, स्वतः पाणी प्याला आणि एक ग्लास त्यांनाही आणून दिला. त्यांची धाकटी भावंडं त्यांना अक्का म्हणायची. तेवढी सूट मग त्यांनी आम्हालाही दिली.

आमचं ऑफिस म्हणजे कॅनॉट मार्केटच्या मागं, फर्निचरच्या शोरूमच्या वरचा एक लांबलचक हॉल. चाळीस कॉम्प्युटर, दोन एसी, त्यातला एक चालू. काम ऐकायला विचित्र होतं. विलायतेतल्या जुन्या जनगणनेच्या आणि चर्चमधल्या लग्नांच्या वह्यांचे फोटो आमच्या स्क्रीनवर यायचे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी टाकानं लिहिलेलं ते वळणदार इंग्रजी वाचायचं आणि रकान्यांत टाईप करायचं. तिकडच्या लोकांना आपले पूर्वज शोधायचा मोठा नाद आहे. ते घरी बसून एका वेबसाईटवर पणजोबाचं नाव टाकतात आणि पणजोबा सापडतो. तो सापडतो तो इकडं एखाद्या पोरीनं त्याचं नाव टाईप केलेलं असतं म्हणून, हे त्यांना बहुधा माहीत नसतं.

मी तेव्हा नुकती बी.कॉम. झाले होते. पैठणकडच्या एका गावातून येऊन भावाकडं राहत होते. भाऊ चितेगावला कंपनीत होता. नोकरी गेली की गावी परत, आणि गावी परत गेलं की लग्न, एवढं साधं गणित होतं. त्यामुळं मी मान खाली घालून भराभर टाईप करायची. दिवसाचा आकडा ठरलेला असायचा आणि तो पूर्ण करायला आमच्याकडं एक हुकमी उपाय होता. की-बोर्डवरचं एफ-आठ दाबलं की त्या रकान्यात 'वाचता येत नाही' अशी खूण पडायची. अक्षर किचकट आलं, दाब एफ-आठ. शाई फुटली, दाब एफ-आठ. दुपारी जेवण झाल्यावर डोळे मिटायला लागले की सगळा हॉल एफ-आठ दाबायचा.

अक्कांनी दुसऱ्या दिवशी आपल्या की-बोर्डवरचं ते बटण उचकटून काढलं आणि टी.एल. सरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. टी.एल. म्हणजे टीम लीडर, नाशिककडचा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा माणूस. त्यानं विचारलं, हे काय. अक्का म्हणाल्या, "तुमची वस्तू तुमच्यापाशी ठेवा. मला लागत नाय." वाचता येत नाही असं अक्षर जगात नसतं, वाचायचा कंटाळा असतो, असं त्यांचं मत होतं आणि ते त्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या.

त्यांना ते शोभायचं, कारण त्यांनी उस्मानपुऱ्यातल्या एका औषधांच्या दुकानात बावीस वर्षं काउंटर सांभाळलं होतं. गावातल्या यच्चयावत डॉक्टरांचं अक्षर त्यांच्या नजरेखालून गेलेलं. एकदा म्हणे एका लहान मुलाच्या चिठ्ठीवर मोठ्या माणसाच्या मापाचं औषध लिहून आलं. अक्कांनी ते दिलं नाही. डॉक्टर फोनवर ओरडले, दुकानदार हात जोडायला लागला, कारण निम्मं गिऱ्हाईक त्याच डॉक्टरांकडून यायचं. अक्का चिठ्ठी घेऊन त्यांच्या दवाखान्यात गेल्या, पेशंटच्या रांगेत बसल्या, नंबर आल्यावर आत गेल्या आणि म्हणाल्या, तुमचंच अक्षर आहे, जरा मोठ्यानं वाचा. डॉक्टरांनी वाचलं. मग दुसरी चिठ्ठी लिहून दिली. दुकानदार महिनाभर अक्कांशी नीट बोलला नाही आणि अक्कांना त्याचं काही वाटलं नाही. पुढं दुकान विकलं गेलं, नव्या मालकाला कॉम्प्युटरवाली पोरं हवी होती, म्हणून पन्नाशी ओलांडलेल्या अक्का कॉम्प्युटर शिकून आमच्या हॉलमध्ये आल्या.

सकाळी दारातल्या वॉचमनपासून थेट मालकापर्यंत सगळ्यांना सारख्याच आवाजात जयभीम घालत त्या यायच्या. गळ्यात नाडीला बांधलेलं एक भिंग असायचं. स्क्रीनवर अक्षर मोठं करता येतं हे त्यांना माहीत होतं, तरी त्या स्क्रीनला भिंग लावूनच बघायच्या. आणि काम करता करता त्या माणसांशी बोलायच्या. जॉनला त्या जानराव म्हणत, थॉमसला तोमाजी, एलिझाबेथला इलाबाई. "काय इलाबाई, तिसरं लग्न? करा करा. मागच्या दोघांनी काय सुख दिलं असंल ते दिसतंच हाय." जनगणनेला त्या खानेसुमारी म्हणायच्या. निजामाच्या काळातला तो शब्द, त्यांच्या आजोबांच्या तोंडचा. दुपारी भाकरी-ठेच्याचा डबा उघडला की आम्हाला सकाळच्या बातम्या मिळायच्या. आज सात लग्नं लावली. एका नवरीचं वय सहा वर्षांनी चोरलंय, मागच्या खानेसुमारीत मी बघितलंय तिला. तोमाजी सुताराला सहावी पोरगी झाली आणि तिचंही नाव मेरीच ठेवलंय, म्हणजे आधीची मेरी गेली बिचारी. आम्ही हसायचो. पण शेवटच्या वाक्याला त्यांचा घास हातातच थांबलेला असायचा, हे मी बघितलं होतं.

लग्नाच्या वहीत खाली नवरा-नवरीच्या सह्या असायच्या. ज्यांना लिहिता येत नसे ते फुली मारायचे आणि पाद्री शेजारी लिहायचा, ही अमक्याची खूण. आमच्या नियमांच्या कागदात या फुलीसाठी रकानाच नव्हता. अक्का मात्र शेऱ्याच्या चौकटीत प्रत्येक फुली नोंदवायच्या. त्यात वेळ जायचा, त्यांचा आकडा कमी भरायचा. टी.एल. सरांनी समजावून सांगितलं की गिऱ्हाइकाला हे नको आहे. अक्का म्हणाल्या, "माझ्या मायनं जन्मभर अंगठा लावला. ह्या बाईनं फुली मारली म्हंजे ती त्या दिवशी तिथं उभी होती, सर. एवढं तर कळू द्या लोकांला." सर हताश होऊन निघून गेले.

हा सगळा हट्ट कुठून आला ते मला पुष्कळ उशिरा कळलं. एकदा खालच्या टपरीवर चहा घेताना मी सहज विचारलं, अक्का, तिकडच्या मेलेल्या माणसांसाठी एवढा जीव कशाला काढता. त्यांनी चहा संपवला आणि मग सांगितलं.

त्यांच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. मुलगी अक्कांनी एकटीनं वाढवलेली, त्यामुळं जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी आईकडच्या आजोबांचा, म्हणजे अक्कांच्या वडिलांचा, जुना पुरावा लागत होता. वडील फर्दापूरकडच्या एका खेड्यात दोन इयत्ता शिकले होते. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात, म्हणजे कोण शाळेत आलं आणि कोण गेलं त्या वहीत, त्यांचं नाव होतं. रजिस्टर निजामाच्या वेळचं, उर्दूत. नाव होतं कचरू. पण नक्कल करणाऱ्या कारकुनानं 'च'ची तीन टिंबं नीट बघितली नाहीत. एकच टिंब धरलं, आणि कचरूचा कजरू झाला. वरच्या ऑफिसात सांगण्यात आलं की कजरू हा दुसराच कुणी इसम आहे, तुमचा काही संबंध दिसत नाही. "दोन टिंबांवरून माझा बाप मला परका झाला," अक्का म्हणाल्या. त्या वर्षीचा प्रवेश गेला. अक्का शहागंजातल्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडं संध्याकाळी जाऊन उर्दू अक्षरं शिकल्या. मग खेड्यात जाऊन, शाळेच्या कपाटातून ते रजिस्टर काढायला लावून, हेडमास्तरांच्या समोर बोट ठेवून त्यांनी तीन टिंबं मोजून दाखवली. दुसऱ्या वर्षी मुलीला प्रवेश मिळाला. आता ती पुण्यात नर्स आहे.

"त्या कारकुनाचं काय वैर होतं माझ्याशी? काय नाय," त्या म्हणाल्या. "त्याला जेवायला जायचं होतं."

मीसुद्धा रोज जेवायला जात होते.

त्यानंतर महिना-दीड महिन्यानं ते पान आलं. आमच्याकडं प्रत्येक पान दोघंजण वेगवेगळं टाईप करायचे. दोन्ही सारखं आलं तर पुढं जायचं, फरक पडला तर टी.एल. निकाल द्यायचे. ते पान एकदा माझ्याकडं आलं होतं आणि एकदा अक्कांकडं. इंग्लंडच्या दक्षिणेला समुद्राकाठी कुठल्याशा गावातलं घर. घरप्रमुख फौजेतला निवृत्त कॅप्टन, त्याची बायको, तीन वर्षांचा मुलगा, स्वयंपाकीण, मोलकरीण, आणि सगळ्यांत खालच्या ओळीत आणखी एक बाई. स्वयंपाकिणीचं आणि मोलकरणीचं नाव-आडनाव लिहिलेलं होतं. या बाईच्या नावाच्या रकान्यात फक्त 'आया' एवढंच. वय तीस. विधवा. कामाचा रकाना, नोकर. जन्मठिकाणाच्या रकान्यात एक लांब शब्द होता. तो सॉफ्टवेअरमधल्या गावांच्या यादीत नव्हता, म्हणून स्क्रीनवर लाल रेघ आली. मी एफ-आठ दाबलं होतं. मला ते दाबल्याचं आठवतसुद्धा नव्हतं.

फरकाच्या यादीत दुसरी नोंद माझी दिसली, तशा अक्का माझ्या खुर्चीमागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी ते पान उघडायला सांगितलं आणि तो शब्द मोठ्यानं वाचायला लावला. मी एकेक इंग्रजी अक्षर वाचत गेले. ओ, आर, ए, एन, जी. मला वाटलं, संत्र्याचं काहीतरी. मग ए. मग बी, ए, डी. आणि मी थांबले.

"वाच ना," अक्का म्हणाल्या.

"औरंगाबाद," मी म्हणाले.

त्यांनी वाकून त्या शब्दावर भिंग धरलं. मग हळू आवाजात, त्यांना न शोभणाऱ्या आवाजात, म्हणाल्या, "खानेसुमारीवाला दारात आला असंल. बाकी सगळ्यांचं मालकानं सांगितलं असंल. हिचं गाव त्याला काय ठाऊक? मग हिलाच विचारलं असंल, कुठली गं तू. हिनं सांगितलं आणि त्यानं कानाला आलं तसं लिहिलं. त्या अख्ख्या कागदावर तिच्या तोंडचा एवढा एकच शबुद हाय, बाई. तो बी तू पुसलास."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

निकाल टी.एल. सरांनी द्यायचा होता. त्यांनी यादी बघितली, शब्द यादीत नव्हता, म्हणून माझी नोंद धरली. वाचता येत नाही. अक्का त्यांच्याकडं गेल्या. सर म्हणाले की बॅच आजच्या आज पाठवायची आहे, एका नोकराणीच्या गावावरून मी चार हजार पानं थांबवू शकत नाही. बाहेर त्याच दिवसांत आमच्या शहराच्या पाट्या बदलत होत्या, त्यावरून ते गमतीनं असंही म्हणाले की अक्का, आता तर हे नावच राहिलं नाही. अक्का हसल्या नाहीत. पाटीवर काय लिहायचं ते पाटीवाल्यांना विचारा, कागदावर जे लिहिलंय ते उतरवायचं एवढंच आपलं काम, असं म्हणून त्या जागेवर येऊन बसल्या.

प्रत्येकाच्या स्क्रीनवर शंका विचारायची एक चौकट होती. तीत लिहिलेलं थेट विलायतेच्या कंपनीकडं जायचं, आणि म्हणूनच ती आम्ही वापरायची नाही असा दंडक होता. अक्कांनी त्या दिवशी तीत लिहिलं. औषधांच्या दुकानात शिकलेल्या इंग्रजीत, मोजकी वाक्यं. शब्द स्पष्ट आहे. हे आमचं शहर आहे. कृपया डोळ्यांनी पाहावं. दुसऱ्या दिवशी परत लिहिलं. तिसऱ्या दिवशी टी.एल. सरांनी बजावलं, तरी लिहिलं. पाच दिवस लिहिलं. सहाव्या दिवशी मालकांनी त्यांना काचेच्या केबिनमध्ये बोलावलं.

त्याच्या आधी मला बोलावण्यात आलं होतं. हे मी आजवर फार लोकांना सांगितलेलं नाही. माझ्यासमोर एक टाईप केलेला कागद ठेवला होता. सदर शब्द अस्पष्ट असून वाचण्याजोगा नव्हता. मालक सौम्य माणूस होते. ते म्हणाले, गिऱ्हाइकानं हे काम काढून घेतलं तर चाळीस जण घरी बसतील, तू फक्त तुझी नोंद बरोबर होती एवढं लिहून दे. माझ्या डोळ्यांपुढं गावाकडची एस.टी. आली. मी सही केली. तो शब्द मी स्वतः, मोठ्यानं, एकेक अक्षर करून वाचला होता आणि तरी सही केली.

अक्का आत गेल्या तेव्हा मी तिथंच उभी होते. मालकांनी त्यांच्यापुढं माफीनामा ठेवला. नियम मोडल्याबद्दल दिलगीर आहे, पुन्हा असं होणार नाही. अक्कांनी तो भिंग लावून वाचला. मग माझा कागदही मागून घेतला आणि वाचला. माझ्याकडं बघितलं नाही. माफीनाम्यात 'दिलगीर'मधला 'गी' ऱ्हस्व लिहिला होता. त्यांनी मालकांच्या टेबलावरचं लाल पेन उचललं, ती वेलांटी दुरुस्त केली आणि कागद सही न करता परत सरकवला.

"चुकले असते तर सही केली असती, साहेब," त्या म्हणाल्या. "बिनचुकीची सही मला येत नाय."

मालक म्हणाले, मग उद्यापासून येऊ नका. अक्का म्हणाल्या, उद्यापासून कशाला, आत्ताच जाते. त्यांनी डबा उचलला, वॉचमनपर्यंत सगळ्यांना नेहमीच्या आवाजात जयभीम घातला आणि जिना उतरायला लागल्या. मी मागोमाग धावले. काय बोलायचं ते माझं ठरलं नव्हतं. पायऱ्यांवर त्या थांबल्या. तुला नोकरीची गरज आहे, ठेव, असं त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. मग म्हणाल्या, "पण उद्यापासून वाचत जा."

बारा-तेरा दिवसांनी विलायतेहून उत्तर आलं. एका ओळीचं. शंका रास्त आहे, जन्मठिकाण कागदावर आहे तसंच टाईप करावं. टी.एल. सरांनी ती दुरुस्ती माझ्याकडूनच करून घेतली. नऊ अक्षरं टाईप करायला मला इतका वेळ कधी लागला नव्हता. अक्कांना परत बोलवायचं कुणाच्या मनात आलं नाही. मी टी.एल. सरांना विचारलं तर ते म्हणाले, त्यांनी माफीनाम्यावर सही केली की बघू. यानंतरही माफीनामा. मी तो निरोप अक्कांना दिलाच नाही.

रविवारी भीमनगरात त्यांच्या घरी गेले. पुढच्या खोलीत तीन-चार माणसं जुने कागद घेऊन बसली होती. कुणाचं जमिनीचं खासरा पत्रक, कुणाचा शाळेचा दाखला, कुणाचं फाटकं उर्दू खरेदीखत. वेगवेगळ्या जातींची माणसं होती. आमच्या पैठणकडचेही दोघं होते, डोक्याला पटका बांधलेले. अक्का भिंग लावून वाचत होत्या आणि समोरच्याला त्याच्या आजोबाचं नाव मोठ्यानं ऐकवत होत्या. कुणी ते नाव पहिल्यांदाच नीट ऐकत असावा, तसा चेहरा व्हायचा. मी दुरुस्तीचं सांगितलं. मला वाटलं, त्या खूश होतील.

"आन् नाव?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, नावाच्या रकान्यात आयाच आहे, तेच लिहिलंय कागदावर.

"मग अर्धंच झालं," असं म्हणून त्यांनी पुढचा कागद उचलला.

मी दर रविवारी जायला लागले. त्यांच्याकडून उर्दू अक्षरं शिकले, आणि जुनं इंग्रजी वळण त्यांना जिथं अडेल तिथं आम्ही दोघी मिळून सोडवायचो. माझ्या सहीच्या कागदाचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मी एकदा काढला, तर म्हणाल्या, तो कागद त्यांच्या फायलीत आहे ना, मग तू कशाला वागवतेस.

दीडेक वर्षानं एक साहेब आला. खराखुरा, इंग्लंडहून. सत्तरीच्या आसपासचा, उंच, पडलेल्या खांद्यांचा, नम्र माणूस. त्या पानावरच्या तीन वर्षांच्या मुलाचा तो पणतू. वेबसाईटवर आपल्या खापरपणजोबाचं घर शोधताना खालच्या ओळीत त्याला आमचं गाव दिसलं होतं. खापरपणजोबा इथल्या छावणीत होता एवढं त्याला ठाऊक होतं, पण आयाही इथलीच, हे नव्हतं. वेरूळची लेणी बघायला तो आलाच होता, म्हणून हे काम कुणी केलं ते विचारत विचारत आमच्या हॉलपर्यंत पोचला. मालकांना कोण आनंद झाला. हार आणले, फोटोग्राफर बोलावला. साहेबाला मात्र ज्यांनी तो शब्द वाचला त्यांनाच भेटायचं होतं. मग मला रिक्षानं अक्कांकडं पाठवण्यात आलं.

मला वाटलं, त्या यायच्या नाहीत. त्या आल्या. भिंग गळ्यात घालून.

साहेब उठून उभा राहिला. त्यानं एक मोठा गुंडाळलेला कागद टेबलावर उलगडला. त्याच्या घराण्याची वंशावळ. आठ पिढ्या, सुरेख अक्षरात, प्रत्येकाचा जन्म, लग्न, मृत्यू. अक्का वाकून एकेक नाव बघत गेल्या. दोन्ही बाजूंचं बोलणं मी मराठी-इंग्रजी करत होते. कॅप्टन सापडला, त्याची बायको सापडली, मुलगा सापडला. अक्कांनी विचारलं, ती कुठं आहे. साहेब जरा गोंधळला आणि म्हणाला, ती घराण्यातली नव्हती.

अक्कांनी विचारलं की हे पोर कुणी सांभाळलं. साहेब म्हणाला, तिनंच. घरात तशी आठवण सांगतात. दोन महिने बोटीवर त्या मुलाला तिनं छातीशी धरून नेलं, त्याची आई तर सारखी आजारीच होती. हे सांगताना त्याला खरंच भरून आलं होतं.

"नाव काय होतं तिचं?"

मी इंग्रजीत विचारलं. साहेबाचे कान लाल झाले. मग तो म्हणाला, आमच्या घरात तिला सगळे आयाच म्हणत, नाव कधी कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. फोटोग्राफर दारात खोळंबला होता. मालक म्हणाले, चला अक्का, साहेबांच्या शेजारी उभ्या राहा, झालं गेलं विसरून जाऊ. अक्कांनी ती वंशावळ नीट गुंडाळली आणि दोन्ही हातांनी साहेबाला परत दिली.

"ह्यांला सांग," त्या मला म्हणाल्या, "कागद लई छान हाय, पण अपुरा हाय. नाव सापडलं की या. तवा फोटो काढू."

मी एकही शब्द न गाळता सांगितलं. मालक माझ्याकडं बघत राहिले. त्यानंतर त्या हॉलमध्ये मी फार दिवस टिकणार नाही हे मला कळून चुकलं, आणि नवल म्हणजे भीती वाटली नाही. चार महिन्यांनी मी ती नोकरी सोडली. पुढं तो हॉलही बंद पडला. आता तिकडची पानं मशीन वाचतं म्हणे. मी एका वकिलांकडं जुने दस्त वाचायचं काम करते, आणि रविवारी अजून भीमनगरात असते.

साहेब माणूस मात्र दिलदार निघाला. परत गेल्यावर त्यानं मला मेल केली की मी शोधायला लागलोय. दर महिन्या-दोन महिन्यांनी त्याची मेल येते आणि मी ती अक्कांना मराठीत वाचून दाखवते. त्याला बोटीच्या प्रवाशांची यादी सापडली, तीत लिहिलं होतं, कॅप्टनची पत्नी, मूल आणि आया. मुलाच्या बाप्तिस्म्याची नोंद सापडली, तीत तिचा उल्लेखच नव्हता. खापरपणजीची पत्रं एका चुलतभावाच्या माळ्यावर निघाली, त्यांत 'आमची आया' सतरा वेळा आहे. मी अक्कांना विचारलं, आपण इकडं शोधायचं का. त्या म्हणाल्या, इकडं अशा बाईचा कागद कोण करणार होतं? कागद करायची सवय त्यांना, तर कागद असला तर त्यांच्यापाशीच असणार.

गेल्या महिन्यात त्याची जरा खचलेली मेल आली. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, गावोगावच्या दप्तरखान्यांत जाणं आता झेपत नाही, मुलगी म्हणते पुरे करा. इतकी वर्षं झाल्यावर नाव सापडणं शक्य आहे असं बाईंना खरोखर वाटतं का, असं त्यानं विचारलं होतं. मला त्याची दया आली. मी म्हणाले, अक्का, म्हातारा माणूस आहे, राहू दे म्हणून लिहू का.

अक्का कुणाचं तरी खत वाचत होत्या. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"डोळे नीट होईस्तवर थांबा म्हणून लिही," त्या म्हणाल्या. "मग परत लागा म्हणावं. पोरगी नको म्हणती, तर तिलाच बसवा म्हणावं कामाला. त्या बाईनं त्यांचं पोर सांभाळलं. आता त्यांच्या पोरांनी तिला शोधावं."

मी तसंच्या तसं लिहिलं. परवा उत्तर आलंय. मुलगी बसलीय कामाला.